शिकाऱ्याचे ओझे: कमावलेले शरीर की हलके सामान?



आमच्या कॉलेजचा ट्रेक निघण्याच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांच्या सॅक जिमखान्यातल्या वजनकाट्यावर ठेवायला लावतो. दरवर्षी तोच वाद होतो. पंधरा किलोची सॅक आणणारा म्हणतो, "सर, मी रोज जिमला जातो, मला काही होत नाही." दुसऱ्या कोणीतरी घरच्यांकडून पैसे घेऊन महागडा हलका तंबू आणलेला असतो, आणि सामान हलके असले की सकाळी उठून धावायची गरज नाही अशी त्याची खात्री असते. शेवटच्या चढावर दोघेही एकाच दगडावर बसलेले सापडतात. (खरे सांगायचे तर तिथे मीही बसलेला असतो. चाळिशी उलटली आहे.)

या वादाचा एक इतिहास आहे आणि तो ट्रेकिंगपेक्षा जुना आहे. अमेरिकेतील हौशी शिकाऱ्यांमध्ये गेली सुमारे दीडशे वर्षे हा वाद चालू आहे: डोंगरात शिकारीला जायचे तर आधी शरीर कमवावे, की आधी सामानाचे वजन उतरवावे? या टिपणात आपण या वादातील मोजकी माणसे पाहणार आहोत. वाचताना एक प्रश्न मनात ठेवा. प्रत्येकाने जे उत्तर दिले ते देताना त्याचे ओझे प्रत्यक्षात कोण वाहत होते?

आपल्याकडे शिकार म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते संस्थानिक आणि गोरे साहेब: हत्ती, मचाण, हाका उठवणारी गावकऱ्यांची रांग, मागे तंबू आणि खानसामे. तिथे हा वाद उद्भवतच नाही. साहेबाची छाती किती रुंद आहे आणि त्याच्या खुर्चीचे वजन किती, या दोन्ही गोष्टींनी शिकारीत फारसा फरक पडत नव्हता. वाद सुरू होतो तो शिकारी स्वतःच्या पाठीवर सामान घेतो तेव्हा. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे आपण हा विषय इतिहास म्हणूनच वाचणार आहोत.)

१८८३: दोन शिकारी

एकाच वर्षातील दोन प्रवास शेजारी ठेवून पाहू.

पहिला प्रवासी जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स. जन्म १८२१, मॅसॅच्युसेट्स राज्यातला. पेनसिल्व्हेनियातील वेल्सबरो या गावी राहणारा, जोडे शिवण्याचा धंदा करणारा, उरलेल्या वेळात रानात भटकणारा आणि त्याबद्दल लिहिणारा. लहानपणी एका मूळनिवासी माणसाचा त्याला लळा लागला होता. त्याचे नाव नेसमुक. पुढे सिअर्सने तेच आपले टोपणनाव केले. उंची पाच फूट तीन इंच, वजन पन्नास किलोहूनही कमी, छातीचा जुना विकार, वय एकसष्ट. या माणसाला कोणी 'आधी शरीर कमव' असा सल्ला दिला असता तर तो नुसता हसला असता.

न्यूयॉर्क राज्यातील एडिरॉन्डॅक पर्वतात शेकडो तळी आहेत. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचे तर मधला जमिनीचा पट्टा होडी खांद्यावर घेऊन चालत ओलांडावा लागतो. १८६९ साली विल्यम मरे या पाद्र्याचे या प्रदेशावरचे पुस्तक गाजले आणि शहरातल्या पैसेवाल्या मंडळींची तिथे रीघ लागली. ही मंडळी एक वाटाड्या ठेवत. होडी तोच वल्हवी, तोच खांद्यावर घेई, तोच स्वयंपाक करी. वाटाड्यांची ती होडी तीस किलोच्या आसपास असे. सिअर्सला वाटाड्या परवडत नव्हता आणि तीस किलो उचलणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. दोन दारे बंद झाली तेव्हा त्याने तिसरे उघडले. कॅंटन या गावातील होडी बांधणारा जे. हेन्री रश्टन याला त्याने पत्र लिहिले आणि आपल्याला उचलता येईल इतकी हलकी होडी बांधून मागितली.

१८८० साली रश्टनने सुमारे आठ किलोची होडी दिली. पुढच्या वर्षीची त्याहून हलकी. १८८३ ची होडी तर नऊ फूट लांब आणि साडेदहा पौंड वजनाची, म्हणजे पावणेपाच किलो! सीडरच्या पातळ फळ्यांची. तुमच्यापैकी स्ट्रक्चर्स शिकणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे. संगणक नाही, विश्लेषण नाही, कार्बन फायबर नाही. एक कारागीर दर वेळी थोडे लाकूड कमी करून पाहतो आणि एक ग्राहक ती होडी पाण्यात नेऊन पुढच्या वेळी आणखी कमी कर म्हणतो. डिझाइनच्या तासाला मी जे 'आवर्तन' म्हणून शिकवतो ते हेच. या होडीचे नाव सेअरी गॅम्प, डिकन्सच्या कादंबरीतील दारूबाज नर्सवरून ठेवलेले. दोघींनाही 'पाणी लागत' नाही, हा त्यातला विनोद. या होडीतून सिअर्सने त्या वर्षी २६६ मैलांचा प्रवास केला, एकट्याने.

पुढच्या वर्षी, १८८४ मध्ये, त्याचे 'वुडक्राफ्ट' हे पुस्तक आले. त्यात त्याने हिशेब दिला आहे: होडी, जादा कपडे, पांघरुणाची पिशवी, दोन दिवसांचा शिधा, छोटी कुऱ्हाड, गळ आणि पाठपिशवी धरून ओझे कधी २६ पौंडांच्या, म्हणजे बारा किलोंच्या वर गेले नाही. पुस्तक कोणासाठी लिहिले तेही तो सांगतो. कामाने पिचलेल्या, वर्षातून जेमतेम सुटी मिळणाऱ्या, खिशात फारसे पैसे नसलेल्या माणसांसाठी. डास-माश्यांवरचा त्याचा लेपही त्यात आहे: पाइनचे डांबर, एरंडेल आणि पेनिरॉयल नावाच्या पुदिन्यासारख्या वनस्पतीचे तेल. हा लेप चेहऱ्यावर थापून तो आठवडेच्या आठवडे तोंड धूत नसे. हा भाग मला वर्गात सांगायला फार आवडतो.

हलक्या सामानाचा पक्ष जन्मला तो असा. आज तो महागड्या दुकानांतून दिसतो म्हणून ती श्रीमंतांची चैन वाटते. मुळात ती एका आजारी, गरीब माणसाची वाट होती. पण सिअर्सच्या हिशेबात एक फट आहे आणि ती आपण झाकता कामा नये. त्याचा शिधा दोन दिवसांचा होता, कारण एडिरॉन्डॅकमध्ये तोवर ठिकठिकाणी हॉटेले झाली होती. शिवाय त्या प्रवासांत तो मुख्यतः मासे पकडत होता आणि मासा काठावरच खाऊन संपतो. मोठी शिकार परत वाहून आणण्याचा प्रश्न त्या वेळी त्याच्यापुढे नव्हता. त्याकडे आपण शेवटी येऊ.

आता दुसरा प्रवासी. १८८३ च्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कचा एक श्रीमंत तरुण डाकोटाच्या ओसाड मुलखात रानरेडा, म्हणजे बायसन, मारायला उतरला. वय चोवीस, डोळ्यांवर चष्मा. त्याचे नाव थिओडोर रूझवेल्ट. लहानपणी त्याला दम्याने पछाडले होते. 'तुझे डोके चांगले आहे, पण शरीर नाही. शरीर तुलाच घडवावे लागेल,' अशा अर्थाचे वडिलांचे बोल त्याने मनावर घेतले. घरात व्यायामशाळा झाली. मुष्टियुद्ध, वजने, घोडा, डोंगर. बायसनच्या त्या शिकारीत पाऊस थांबेना, घोडे चिखलात रुतत होते, नेम चुकत होते, तरी हा गडी रोज पुन्हा बाहेर पडे. शेवटी थकला तो बरोबरचा वाटाड्या.

सिअर्स आणि रूझवेल्ट दोघेही दुबळ्या छातीचे. एकाने ओझे शरीराच्या मापाचे केले, दुसऱ्याने शरीर ओझ्याच्या मापाचे करायचे ठरवले. दोघेही आपापल्या परीने यशस्वी झाले. मात्र त्यांच्या परिस्थितीत मोठा फरक होता. एकाच्या हाताशी तारुण्य, पैसा आणि घरची व्यायामशाळा होती. दुसऱ्याकडे यातले काहीच नव्हते.

शरीराचे तत्त्वज्ञान

रूझवेल्टने आपल्या अनुभवाचे तत्त्वज्ञान केले. १० एप्रिल १८९९ रोजी शिकागोत त्याने 'कष्टमय जीवना'वरचे प्रसिद्ध भाषण केले. ते भाषण व्यायामाबद्दल आहे असे समजून वाचाल तर फसाल. त्यात बलवान पुरुष आणि बलवान राष्ट्र यांची सांगड आहे, आणि फिलिपिन्सवर अमेरिकेने ताबा ठेवावा याचे समर्थनही आहे. पार्श्वभूमी लक्षात घ्या. १८९० च्या जनगणनेनंतर 'सरहद्द' संपल्याचे जाहीर झाले होते. शहरात टेबलाशी बसून काम करणाऱ्या मध्यमवर्गीय पुरुषांना आपण मऊ पडतो आहोत अशी धास्ती वाटू लागली होती. शिकार हा त्यावरचा उतारा मानला गेला. मोठ्या शिकारीच्या षौकिनांचा 'बून अँड क्रॉकेट क्लब' रूझवेल्टनेच १८८७ मध्ये स्थापन केला होता. राष्ट्राध्यक्ष असताना १९०८ मध्ये त्याने लष्करी अधिकाऱ्यांना तीन दिवसांत पन्नास मैल चालून दाखवण्याची अट घातली. कुरकुर झाली तेव्हा जानेवारी १९०९ मध्ये स्वतः एका दिवसात शंभर मैलांच्या आसपास घोडदौड करून दाखवली. माणूस बोले तसे चाले, हे मान्यच करावे लागते.

दोनच महिन्यांनी, अध्यक्षपद सोडल्यावर, तो पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाला. स्मिथसोनियन संस्थेसाठी प्राण्यांचे नमुने गोळा करायचे होते. एप्रिल १९०९ मध्ये मोंबासा, मार्च १९१० मध्ये खार्टूम. मोहिमेने अकरा हजारांवर नमुने पाठवले. थिओडोर आणि मुलगा कर्मिट यांनी मिळून मोठे-छोटे ५१२ प्राणी मारले.

आता सामान पाहा. कातडी टिकवायला चार टन मीठ. तंबू, खाट, सापळे, दारूगोळा. जड रायफली, आणि त्या वाहायला वेगळे बंदूकवाहक. शिवाय पुस्तके! रूझवेल्टने डुकराच्या कातड्यात बांधून घेतलेला ग्रंथसंग्रह बरोबर नेला होता आणि त्यासाठी ॲल्युमिनियमचे खोके केले होते. त्याचे वजन साठ पौंडांच्या किंचित आत बसवले होते. साठच का? कारण एका हमालाने डोक्यावर न्यायचे ओझे साठ पौंड, म्हणजे सत्तावीस किलो, असे ठरलेले होते. इथे वजन मोजले गेले आहे, नेमके मोजले गेले आहे, पण ते वाहणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे. साहित्याची विभागणी करण्याचे ते एकक होते.

हमाल सुरुवातीला दोनशेहून अधिक होते. रूझवेल्टच्या प्रवासवर्णनात बंदूकवाहकांची, तंबूतल्या नोकरांची नावे येतात. हमाल मात्र बहुतेक वेळा एक गाणारी, चालणारी रांग म्हणूनच येतात. कष्टमय जीवनाचा उद्गाता पुष्कळदा घोड्यावर होता. त्याला आळशी म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही. पन्नाशीत, एका डोळ्याची नजर गेलेली असताना त्याने त्या मुलखात वर्षभर काढले. पण 'शरीर कमवा, ओझे आपोआप हलके वाटेल' हे वाक्य ज्यांच्या जोरावर खरे ठरत होते त्यांना ते कोणी ऐकवले नव्हते. पाचच वर्षांत पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी याच प्रदेशातून सैन्यासाठी भारवाहकांची प्रचंड भरती केली. रोगराईने आणि उपासमारीने त्यांतले हजारो मेले. त्या 'कॅरिअर कोअर'चे नाव आजही नैरोबीतील कारिओकोर आणि दार-ए-सलामच्या कारिआकू या वस्त्यांत उरले आहे.

इथे थोडे शास्त्र सांगतो, कारण 'फिटनेस' म्हणजे दंड आणि मांड्या एवढेच नाही. १९८६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात केनियातील लुओ आणि किकुयू स्त्रियांवरचा एक अभ्यास आला. शरीराच्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांपर्यंतचे ओझे वाहताना त्यांची जादा ऊर्जा खर्चच होत नव्हती! चालण्याची लय त्यांच्या अंगवळणी अशी पडली होती की ओझ्याचा तेवढा भाग जणू फुकटात जात होता. ट्रेडमिलवर ही गोष्ट येत नाही. लहानपणापासूनच्या पाणी-लाकडांच्या खेपांतून येते. अर्थात मोहिमेतल्या हमालांचे सत्तावीस किलो या मर्यादेच्या कितीतरी वर होते.

रूझवेल्टला ओझ्याने अखेर गाठले ते ब्राझीलमध्ये. १९१३-१४ च्या मोहिमेत कॅंदिदो रोंदोन या ब्राझिलियन अधिकाऱ्याबरोबर तो एका अज्ञात नदीचा शोध घ्यायला गेला. निघताना सामानाचे डोंगर होते. खेचरे कोसळू लागली तसे ते रानात टाकत जावे लागले. टाकून दिलेल्या सामानात चांगल्या हलक्या होड्याही होत्या, आणि नदीवर गेल्यावर वापराव्या लागल्या त्या झाडे कोरून केलेल्या अवजड होड्या. धबधब्याजवळून त्या ओढत नेताना माणसे मोडून गेली. पायाची जखम चिघळली, ताप चढला, आणि मला इथेच सोडून पुढे जा असे म्हणण्याची वेळ त्याच्यावर आली. आयुष्यभर कमावलेले शरीर काही आठवड्यांत उतरले.

गरज, निवड आणि दुकान

सिअर्सची परंपरा पुढे चालवली होरेस केफर्ट या ग्रंथपालाने. त्याचे १९०६ चे रानात राहण्याविषयीचे पुस्तक नेसमुकच्या स्मृतीला अर्पण केलेले आहे. पण या साऱ्या वादाकडे सर्वांत नीट पाहिले ते आल्डो लिओपोल्डने. तो विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचा प्राध्यापक होता आणि स्वतः शिकारी होता. धनुष्येही स्वतः बनवायचा. १९४३ च्या एका निबंधात त्याने म्हटले की सुरुवातीचे वसाहतवाले हलके सामान घेऊन आणि काडतुसे जपून शिकार करत, ते काही थोर तत्त्व म्हणून नव्हे. वाहन नव्हते, पैसा नव्हता, शस्त्रे नव्हती. नाइलाज होता. पुढे साधने आल्यावरही काहींनी तसेच वागायचे ठरवले, तेव्हा त्या नाइलाजाची नीती झाली. आणि मग दुकानदार आला. कौशल्याच्या जागी वस्तू आली. आपणही कारखान्यातल्या वस्तू वापरतो, नेमकी रेघ कुठे ओढायची ते सांगता येत नाही, अशी कबुलीही तो देतो. मला हा निबंध आवडतो तो त्या कबुलीमुळे.

युद्धानंतर दुकानदाराची बाजू एकदम भक्कम झाली. ॲल्युमिनियम आणि नायलॉन मुबलक झाले. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टीने ॲल्युमिनियमच्या चौकटीची पाठपिशवी विकायला सुरुवात केली. तिने भार खांद्यांवरून कमरेवर आणला. त्याच वर्षी विंचेस्टर कंपनीने आपल्या मॉडेल ७० रायफलीची 'फेदरवेट' आवृत्ती काढली. पुढे प्लॅस्टिकचे दस्ते, टायटॅनियम, आणखी हलके, आणखी महाग.

पण वजन उतरवण्याचीही किंमत असते. पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र आठवा. गोळी आणि वायू पुढे जातात त्या संवेगाइतकाच संवेग रायफलीला मागे मिळतो. संवेग तोच राहिला तर मागे बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. रायफल चार किलोवरून अडीच किलोवर आणली की धक्का १.६ पट होतो. धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात हलकी नळी जास्त डळमळतेही. म्हणजे दीड किलो वाचवून नेम चुकण्याची शक्यता वाढली. जखमी जनावर दरीत पळाले तर ते वाचवलेले दीड किलो काय कामाचे?

वजन कुठे आहे यालाही महत्त्व आहे. अमेरिकी लष्करासाठी झालेल्या प्रयोगांत पायात घातलेले एक किलो पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतके महाग पडते असे दिसले. कारण सोपे आहे: प्रत्येक पावलाला ते उचलावे, पुढे न्यावे आणि थांबवावे लागते. हलक्या रायफलीवर पैसे ओतणारे पुष्कळ शिकारी जड बूट घालून जातात.

आणि आता मघाची फट. रॉकी पर्वतात 'एल्क' नावाचे मोठे हरीण असते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन तीनशे किलोंच्या पुढे जाते. हाडे काढूनही मांस शंभर किलोंच्या घरात निघते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत खाण्याजोगे मांस रानात सोडणे गुन्हा आहे. समजा शिकार रस्त्यापासून पाच किलोमीटर आत पडली आणि बरोबर घोडा नाही. पंचवीस किलोंच्या चार खेपा. चार वेळा भरलेली पाठ, तीन वेळा रिकामी परत. एकूण पस्तीस किलोमीटर, त्यातले वीस ओझ्यासह. जाताना तंबूत एक किलो आणि स्टोव्हमध्ये दोनशे ग्रॅम वाचवणाऱ्याला हे शंभर किलो कोणतेही दुकान हलके करून देत नाही. आत किती लांब जाऊन गोळी झाडायची, हे त्याने झाडण्यापूर्वीच ठरवायला हवे. अनुभवी शिकारी म्हणूनच नकाशावर आधी परतीची वाट पाहतात, आणि स्वतःचे पाय, सोबतीची माणसे, उरलेला उजेड यांचा हिशेब न जुळल्यास समोरचे जनावर जाऊ देतात.

सेअरी गॅम्प ही होडी स्मिथसोनियनच्या मालकीची झाली आणि एडिरॉन्डॅकमधील संग्रहालयात लोकांना पाहायला मिळाली. रूझवेल्टच्या मोहिमेचे नमुनेही त्याच संस्थेच्या संग्रहात आहेत. कातड्यात बांधलेली ती पुस्तके हार्वर्ड विद्यापीठात आहेत.

पुढच्या तासापर्यंत एक काम करा. स्वतःचे वजन, तुमच्या नेहमीच्या सॅकचे वजन आणि दोन्ही बुटांचे वजन मोजून लिहून आणा. बुटांच्या वजनाला पाचाने गुणा आणि सॅकच्या वजनात मिळवा. मग आठवून लिहा की गेल्या ट्रेकला पाण्याचे कॅन आणि स्वयंपाकाची भांडी वर कोणी नेली होती, आणि त्यांचे नाव तुम्हाला माहीत आहे का.